सॉरी का म्हणाले?

आज मार्चिंग बँडच्या प्रॅक्टिसला तिसऱ्या सेटला, म्हणजे तिसऱ्या रचनेला, ओळ वाकली. वाकली उजवीकडच्या मैत्रिणीमुळे, आणि सॉरी म्हणाले मी.

लिहून काढलं की किती फुसकं वाटतं हे. पण संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये. डॉटचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरच्या माझ्या ठरलेल्या जागेचं, कार्ड आत्ताही समोर आहे: ४५ यार्डांच्या रेघेपासून २ पावलं आत, मागच्या हॅशच्या, म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या रांगेच्या, ४ पावलं पुढे. ५ यार्डांत ८ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. ऑगस्टच्या कँपमध्ये तापलेल्या मैदानावर हे इतकं घोटून घेतलंय की मी आता शाळेच्या कॉरिडॉरमध्येही तसंच चालते. मी चुकते, पुष्कळदा चुकते. आज चुकले नव्हते. मान खाली घालायची नसते, तरी घातली आणि बघितलं. मी बरोबर होते. ती अख्खं एक पाऊल पुढे होती.

सर वरून माइकवर ओरडले, "मेलोफोन, ओळ!" (मेलोफोन म्हणजे आमचं पितळी वाद्य.) मान न वळवता, हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "परत तूच मागे? ये पुढे." मी गेले पुढे. वर सॉरी!

शोमध्ये डॉटपेक्षा ओळ मोठी. शेजारची चुकली तर तिच्याशी जुळवून घ्यायचं, कारण स्टँडमधून ओळ दिसते, कुणाचा डॉट नाही दिसत. प्रॅक्टिसला मात्र उलटं: आपल्या डॉटवर ठाम उभं राहायचं, नाहीतर चूक कुणाची ते कधी कळतच नाही. हे मला नववीत तिनेच शिकवलं होतं. आमच्या मैत्रीत प्रॅक्टिस कधी झालीच नाही. पहिल्या दिवसापासून नुसता शो. बसमधली जागा, तिच्या उशिरा येण्याची माझी कारणं... सोलोच्या ऑडिशनचं तर आज लिहायचंच नाही.

पण सॉरी का म्हणाले? तोंडातून गेलं कसं?

मैदानात मागे उभं राहून कानावर विसंबायचं नसतं, ड्रम मेजरच्या, म्हणजे समोरून ताल देणाऱ्याच्या, हातांकडे बघायचं. शंभर फुटांवरचा आवाज पोचायला सेकंदाचा अकरावा भाग तरी लागतो; मिनिटाला १६० ठोक्यांच्या टेंपोला म्हणजे जवळजवळ पाव ठोका मागे. तिचं बोलणं मला घरी येऊन लागतं. पाव ठोका कुठला, चांगले चार तास मागे. तिथे मी हसलेसुद्धा होते बहुतेक.

इथपर्यंत लिहिताना स्वतःची भरपूर कीव करून झाली आणि मग तो आठवला, आमच्या रांगेतला नववीतला नवा मुलगा. परवा मी त्याला म्हटलं, "मागे पडलास, ये पुढे." अगदी तिच्याच सुरात. तोही सॉरी म्हणाला, आला पुढे. त्याचा डॉट कुठे होता, मी बघितलंच नव्हतं. म्हणजे तिच्याकडून मी नुसतं मोजायलाच शिकले नाही तर!

शुक्रवारी मॅचच्या हाफटाइमच्या शोला ती पुन्हा माझ्या उजवीकडे, दोन पावलांवर. तेव्हा ओळ वाकली तर सरकेन, इलाज नाही. उद्या मात्र प्रॅक्टिस आहे. त्या पोराला आधी कार्ड दाखवायला सांगायचंय. आणि मेलोफोनच्या व्हॉल्व्हचं तेल तिच्याकडे राहिलंय, ते मागावं लागेल. तेल माझंच, अर्थात.