बारा नंबरचं घर शोधताना

पॅरिसला जायचं ठरलं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की ती इमारत डोळ्यांनी बघायचीच, जिथलं पुस्तकांचं अख्खं दुकान १९४१ साली जर्मनांच्या जप्तीतून वाचवायला दोन तासांत लपवून नाहीसं केलं गेलं. नाव माहीत होतं, 'शेक्सपिअर अँड कंपनी'. मॅपवर टाकलं आणि नोत्र दामच्या समोर, ३७, र्‍यू द ला ब्युशरीला जाऊन पोचलो.

तासभर तिथे रमलो. जिना चढून वर गेलो, पुस्तकं लपवली ती जागा हीच असणार असं समजून भिंती न्याहाळल्या. मग दुकानाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळलं की हे दुकान जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ साली उघडलं, तेही 'ल मिस्त्राल' या नावाने. आताचं नाव १९६४ सालचं. म्हणजे युद्धाच्या काळात हे दुकान इथे नव्हतंच! दोन्ही दुकानांची गोष्ट लोक सर्रास एक करून सांगतात, म्हणून जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं.

रात्री खोलीवर बसून मूळ दुकानाच्या मालकीण सिल्व्हिया बीच यांचं १९५९ साली प्रसिद्ध झालेलं आठवणींचं पुस्तक पुन्हा काढलं आणि या वेळी फक्त पत्ते टिपत गेलो. बाई अमेरिकन. १९१९ मध्ये र्‍यू द्युपुइत्रांवर सुरुवात, १९२१ पासून १२, र्‍यू द लोदेओं. युद्धाचं सगळं घडलं ते इथे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. रस्ता उतरता, वरच्या टोकाला ओदेओं थिएटर. बारा नंबरच्या भिंतीवर पाटी आहे: १९२२ साली या घरात सिल्व्हिया बीच यांनी जेम्स जॉईसची 'युलिसिस' ही कादंबरी प्रसिद्ध केली. बस, एवढंच. १९४१ बद्दल एक अक्षर नाही. मला ते फार लागलं.

आत जाता येत नाही, लोक राहतात तिथे. मग समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. सात नंबरला बीचबाईंची मैत्रीण आद्रिएन मोनिए यांचं फ्रेंच पुस्तकांचं दुकान होतं. तिथून बाराच्या खिडक्या मजल्यामजल्याने मोजत मी आठवणीतली ती पानं पुन्हा वाचली.

पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. एक जर्मन अधिकारी दुकानात आला. काचेत मांडलेली जॉईसच्याच 'फिनेगन्स वेक'ची प्रत त्याला हवी होती. बाईंनी सांगितलं, शेवटची आहे, माझी स्वतःची आहे, विकायची नाही. तो रागाने गेला. पंधरवड्यात परत आला आणि म्हणाला, आज तुमचा सगळा माल जप्त करायला येतोय. बाईंनी इमारत सांभाळणाऱ्या बाईला गाठलं. तिने वरचं एक रिकामं घर उघडून दिलं. पुस्तकं, फोटो, फर्निचर, सगळं वर गेलं, बरंचसं कपड्यांच्या टोपल्यांतून. पुस्तकांनी भरलेली टोपली जिन्यावरून वर न्यायची म्हणजे काय असतं, ते ज्याने घर बदललंय त्याला विचारा. सुताराने फळ्या उतरवल्या, दिवेसुद्धा काढले. रंगाऱ्याने दर्शनी भागावरचं नाव रंगाखाली बुजवलं. दोन तासांनी बघणाऱ्याला तिथे नुसता मोकळा गाळा दिसत होता.

पुस्तकं बचावली, माणसांचं मात्र तसं झालं नाही. बाईंना जर्मनांनी १९४२ मध्ये पकडून फ्रान्समधल्याच व्हित्तेलच्या कैद्यांच्या छावणीत सहा महिने ठेवलं. त्याआधीचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. त्यांची एक तरुण ज्यू मैत्रीण त्यांना दुकानात मदत करायची. कोटावर ज्यूंना सक्तीचा असलेला पिवळा तारा, त्यामुळे तिला बाकावर बसायचीही बंदी. एकदा दोघी चौकात बाकाशेजारी जमिनीवर बसल्या आणि उकडलेली अंडी व थर्मासमधला चहा इकडेतिकडे बघत घाईघाईने संपवला. पुढे छावणीतून सुटल्यावर बाई एका विद्यार्थिनी वसतिगृहात लपून राहिल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होताना अमेरिकन लेखक हेमिंग्वे जीपमधून याच रस्त्यावर आला आणि खालून त्यांच्या नावाने ओरडला. मग छपरावर कुणी बंदूकधारी आहेत का ते बघायला वर गेला. दुकान पुन्हा उघडलं नाही.

परत आल्यावर आणखी एक वाट सापडली. बाईंचे कागदपत्र प्रिन्स्टन विद्यापीठात आहेत आणि दुकानाच्या वाचनालयाची सदस्य कार्डं तिथल्या लोकांनी ऑनलाइन ठेवली आहेत. कुणी, कधी, कुठलं पुस्तक नेलं, कधी परत केलं, हाताने लिहिलेलं. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारचं नावही त्यात आहे. एकेक कार्ड मोठं करून वाचताना रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही.

बारा नंबरच्या पाटीखाली आणखी एक लहानशी पाटी लागावी असं मला मनापासून वाटतं. तिच्यावर १९४१ हे साल असावं आणि दार उघडून देणारी ती बाई, तो सुतार आणि तो रंगारी यांचा उल्लेख असावा.