जॅग्वार मार्क टू: ‘रिस्टोअर्ड अँड अपग्रेडेड’ गाडी कशी तपासावी

जॅग्वारच्या जुन्या मार्क टू गाडीच्या विक्रीच्या जाहिरातीतली यादी आता पाठ झाली आहे. ३.८ लिटर, पूर्ण रिस्टोरेशन, पाच गिअरांचा बॉक्स, पॉवर स्टिअरिंग, अॅल्युमिनियम रेडिएटर, अल्टरनेटर. किंमत या यादीवर लावतात आणि घेणाराही यादीलाच भुलतो. पण यातलं सगळं नट-बोल्टने बसतं, पैसे टाकले की मिळतं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात १९५९ ते १९६७ दरम्यान बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही, पत्रा हाच सांगाडा. म्हणून आधी गाडीखाली शिरायचं, बॉनेट नंतर.

सुरुवात मागून करा. मागचे पाटे इथे उलट्या पद्धतीने बसवलेत: पुढचा भाग बॉडीखालच्या पेटीसारख्या खोबणीत, मागचं टोक अॅक्सलला. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलासकट त्या खोबणीत बसतं आणि पत्रा आतून खातं. गाडी मागून बसली की नवे पाटे टाकून ती वर उचलता येते, कुजलेली खोबण तशीच राहते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला किंवा जाड अंडरसीलखाली (गाडीच्या पोटाला फासलेल्या गंजरोधक थराखाली) लपवलेला थप्प करतो. तिथूनच पॅनहार्ड रॉडचा बॉडीकडचा ब्रॅकेट पाहा. अॅक्सलला आडवं सरकू न देणारा हा रॉड. ब्रॅकेटच्या मुळाशी पत्रा फाटला असेल तर वळणावर गाडी शेपूट हलवते.

मग सिल (दरवाजाखालची पत्र्याची पोकळ पट्टी), जॅक लावायच्या जागा, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तो भाग, आणि पुढच्या मडगार्डना आतून आधार देणारे ब्रॅकेट. इंग्रज मेकॅनिक त्यांना ‘क्रोज फीट’ म्हणतात, कावळ्याचे पाय. चिखल धरून ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

लोहचुंबक न्या, पण जपून वापरा. कारखान्यातच काही सांधे शिशाने भरलेले असत. तिथे चुंबक चिकटत नाही म्हणून ती पुट्टीच, असं नाही. दरवाजाच्या खालच्या पट्टीत किंवा मडगार्डच्या कमानीपाशी तो घसरला, तर मात्र पुट्टीच समजा. रंग काढून उघड्या केलेल्या बॉडीचे फोटो मागा. रंगानंतरच्या चकचकीत फोटोंचा उपयोग शून्य.

आता कारखान्याच्या प्लेटवरचा गाडीचा नंबर. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत २.४ लिटरची मालिका १००००१ पासून, ३.४ ची १५०००१ पासून आणि ३.८ ची २००००१ पासून. एकावरून सुरू होणाऱ्या नंबरची गाडी ३.८ म्हणून समोर आली, तर इंजिन नंतर बसवलंय. त्यात गैर काही नाही, फक्त किंमत मूळ ३.८ ची द्यायची नाही. नंबरच्या शेवटी डीएन असेल तर कारखान्यातून ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर), बीडब्ल्यू असेल तर ऑटोमॅटिक. कारखान्याच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या गेडनच्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र असेल तर प्लेटशी एकेक आकडा ताडून पाहा.

इंजिन थंड असतानाच पोहोचा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. तापल्यावर ३००० आरपीएमला ऑइलचा दाब ४० पीएसआयच्या आसपास हवा. डॅशबोर्डवरचा काटा सेंडरमुळे (दाब मोजून काट्याला कळवणाऱ्या भागामुळे) खोटं बोलू शकतो, शंका आली तर मेकॅनिकल गेज लावा. टॅपेटची हलकी टिकटिक चालते. वरची टायमिंग चेन वाजत असेल तर ताण बाहेरून वाढवता येतो. खालची खडखडली तर हेड, संप, टायमिंग कव्हर सगळं उतरवावं लागतं. मागच्या मेन बेअरिंगचं सील मुळात दोरीचं, त्यामुळे थेंबभर ऑइल गळणारच. डबकं साचत असेल तर इंजिन बाहेर काढण्याचा खर्च धरा.

अॅल्युमिनियम रेडिएटर हा तर माझ्या लेखी संशयाचा मुद्दा. या गाडीच्या एक्सके इंजिनाच्या ब्लॉकमध्ये मागच्या टोकाला, सहाव्या सिलिंडरपाशी, पाण्याच्या वाटांत गाळ घट्ट बसतो. ब्लॉक साफ न करता मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा लावला, तर तापमानाचा काटा जागेवर राहतो आणि मागचा सिलिंडर मात्र भाजत असतो. कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूची गोल झाकणं) काढून ब्लॉक धुतला होता का, एवढंच विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर समजून घ्या.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, पंखा, एसी हे डायनॅमोच्या आवाक्यातलं काम नाही, अल्टरनेटर हवाच. मूळ वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, तेव्हा अल्टरनेटरसाठी ध्रुव बदलताना अॅमीटरच्या (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या काट्याच्या) तारा उलटायला हव्यात. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. काटा चार्जकडे गेला तर त्या उलटलेल्या नाहीत, आणि मग बाकीचं वायरिंगही तसंच घाईत उरकलेलं असणार.

पाच गिअरांचा बॉक्स मात्र खरंच कामाचा. मूळ चार गिअरांच्या मॉस बॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खरडता पडावा म्हणून असलेली योजना) नाही, तो आला १९६५ मध्ये, नव्या बॉक्ससोबत. पण अॅक्सलचं गुणोत्तर विचारा: ३.४ आणि ३.८ मध्ये ओव्हरड्राइव्हच्या गाड्यांत ३.७७, बाकी ३.५४. बॉक्स बदलल्यावर स्पीडोमीटर जुळवला नसेल तर तो चुकीचा वेग दाखवतो. जीपीएस लावून एकदा पाहा.

पुढे ब्रेकचे मोठे कॅलिपर असतील तर तारांच्या चाकाच्या आतून बोट घालून मधली मोकळी जागा तपासा. मग चाक जॅकवर उचला, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. खट्ट आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. मूळ डनलॉप हँडब्रेक जेमतेमच धरतो. तो चढावरच तपासा.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला एमओटीतून (दरवर्षीच्या सक्तीच्या वाहन-तपासणीतून) सूट आहे, पण गेल्या तीस वर्षांत ‘मोठा बदल’ झाला नसेल तरच. सस्पेन्शन, स्टिअरिंगची पद्धत बदलली असेल तर ही सूट लागू होते का ते आधी पाहा. सूट असली तरी जुना एमओटी इतिहास नंबरप्लेटवरून ऑनलाइन दिसतो, त्यात ‘कॉरोजन’ म्हणजे गंज हा शब्द शोधा.

सौदा ठरला तर काढलेले मूळ भाग किमतीतच मागा: गिअरबॉक्स, डायनॅमो, स्टिअरिंग बॉक्स, एअर क्लीनर. मॉस बॉक्स एकट्याने उचलायचा नाही, सोबत माणूस न्या.