गिटारला कोणता पिकअप टाकू? तुम्ही विचारलंत म्हणून

विचारणारा बहुतेक विशीतला असतो. पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्षभर झालेलं असतं, आणि रात्र रात्र व्हिडिओ बघून गडी पिकअपच्या, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, त्यांच्या थरथरीची वीज करणाऱ्या भागाच्या, दोन प्रकारांवर अडकलेला असतो: एका गुंडाळीचा सिंगल कॉइल आणि दोन गुंडाळ्यांचा हंबकर. ‘सर, सिंगल कॉइल राहू देऊ की हंबकर टाकू? आणि कुठल्या कंपनीचा?’ मी उलट विचारतो, घरात स्क्रू-ड्रायव्हर आहे का. चेहरा पडतो बिचाऱ्याचा. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

पिकअपला कान नसतात. त्याला लाकूड ऐकू येत नाही, हवेतला आवाजही नाही. आत चुंबक असतं आणि त्याभोवती 0.06 मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारच्या जुन्या धाटणीच्या पिकअपला साडेसात-आठ हजार वेढे असतात. वरची पोलादी तार या चुंबकामुळे स्वतःच थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. इलेक्ट्रिक गिटारला नायलॉनच्या तारा लावून बघा, ॲम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, काही येणार नाही.

आणखी एक गंमत. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, 1932 ची रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’, ही आपण आज गळ्यात अडकवतो तशी नव्हतीच. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे हिंदी सिनेसंगीतात आणि ऑर्केस्ट्रात जी हवाईयन गिटार गाजली, तिच्याच कुळातली.

तर पिकअपला कळते फक्त त्याच्या डोक्यावरची तेवढीच तार. तीच तार नेकजवळ, म्हणजे दांड्याच्या बाजूला, मोठ्या झोकाने हलते आणि ब्रिजजवळ, म्हणजे अंगावर तारा टेकतात तिथे, जेमतेम. म्हणून नेक पिकअपचा आवाज भरदार, ब्रिजचा धारदार, आणि म्हणूनच बरेच कारागीर ब्रिजच्या पिकअपला वेढे जास्त देतात. थोडक्यात, पिकअप कुठे आहे आणि तारेपासून किती लांब आहे, यावर बरंच काही ठरतं. जागा बदलता येत नाही, त्यासाठी लाकूड कोरावं लागेल. अंतर मात्र बदलता येतं, फुकटात.

स्क्रू-ड्रायव्हर त्यासाठी विचारला होता. शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या शेवटच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून धरा आणि तारेच्या तळापासून पिकअपवर तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. सिंगल कॉइलला जाड तारेकडे साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेकडे दोन, इथून सुरुवात करा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त गिटारींचे पिकअप कित्येकदा तारांना चिकटतील इतके वर आणलेले असतात. दुकानात जोरात वाजते ना! पण चुंबक तारेला ओढायला लागलं की जाड ई तारेवर वरच्या फ्रेटमध्ये एकाच सुराचे दोन सूर ऐकू येतात, सूर हेलकावतो, ट्यूनरचा काटा स्थिर राहत नाही. मग मुलं इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागणं) बिघडलं म्हणून ब्रिजचे स्क्रू पिळत बसतात. अशा गिटारीचा पिकअप पाऊण-एक मिलिमीटर खाली नेला की तिचा मालक वेगळ्याच नजरेने तिच्याकडे बघायला लागतो.

त्यानंतर केबल. तिच्याकडे कोणी वस्तू म्हणून बघतच नाही. पण केबलला विद्युत धारिता (विजेचा भार साठवण्याचा गुण) असते, मीटरला ढोबळ मानाने शंभर पिकोफॅरड. पिकअपच्या वेढ्यांचं प्रेरकत्व (विजेतल्या बदलाला होणारा त्यांचा विरोध) आणि केबलची धारिता मिळून आवाजात एक उंचवटा तयार होतो, म्हणजे तिथले सूर जास्त उठून येतात, आणि तो कुठल्या कंप्रतेवर येतो यावर चमक ठरते. स्ट्रॅटच्या पिकअपला सहा मीटर केबल लावली तर तो चार हजार हर्ट्‌झच्या आत-बाहेर येतो. केबल दुप्पट करा, तो तीन हजारांच्याही खाली घसरतो आणि ‘पिकअप मंद आहे’ अशी तक्रार माझ्याकडे येते. पिकअप तोच असतो हो.

आता तो ‘हूं’, म्हणजे घरातल्या विजेमुळे ॲम्पमधून सतत येणारा गुणगुणाट, ज्याला ‘हम’ म्हणतात. सिंगल कॉइल सोडण्याचं कारण विचारलं की दहातले आठ जण हेच सांगतात. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे हम येतो 50, 100 आणि पुढच्या पटींवर. जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 98 हर्ट्‌झचा. तेव्हा आपल्याकडचा हम म्हणजे अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याने चढा लागलेला जी! अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची, तिथे तो बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्येच कुठेतरी पडतो. जीमध्ये गाणं वाजवताना मागे बेसूर तानपुरा ठेवल्यासारखं होतं, हे खरं आहे.

यावर हंबकरचा उपाय काढला गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी. त्यांनी 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1957 पासून ते पिकअप लेस पॉल गिटारींवर यायला लागले. शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या, त्यांची चुंबकं उलटसुलट, जोडणीही उलटी. बाहेरून येणारा हम दोन्हींत सारखाच शिरतो आणि उलट जोडणीमुळे एकमेकांना खोडतो. तारेचा संकेत मात्र चुंबक आणि जोडणी दोन्ही उलटल्यामुळे पुन्हा सुलट होऊन बेरजेत येतो. माझ्या मते गिटारच्या अख्ख्या इतिहासात यापेक्षा देखणी युक्ती नाही. तिची किंमतही आहे: प्रेरकत्व वाढतं, तारेचा रुंद पट्टा एकदम टिपला जातो, आणि वरची झिलई थोडी जाते.

पण तुमच्या ॲम्पमधून येणारा नकोसा आवाज खरंच हा हम आहे का, ते आधी तपासा. गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी फिरा. दिशेप्रमाणे आवाज कमी-जास्त झाला तर तो हम, हंबकरने जाईल. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर आतलं शील्डिंग (बाहेरच्या विजेला अडवणारं आवरण) कच्चं आहे, त्याला तांब्याची चिकटपट्टी लागते. आणि लॅपटॉपला इंटरफेस जोडून वाजवत असाल तर चार्जर काढून बघा. कितीतरी ‘खराब पिकअप’ तेवढ्यावर बरे झालेत. एक मात्र करू नका: ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची तिसरी पिन कापू नका. ती आवाजासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे.

आणि मग तो प्रश्न, जो कोणी विचारत नाही पण मी विचारतो: वाजवता काय? डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट, लावलं की दोन सुरांमधला फरकही सूर म्हणून ऐकू येतो. 110 हर्ट्झचा सा आणि 165 चा प धरा. फरक 55, म्हणजे सा-चाच खालचा सप्तक. नुसत्या सा-प ची पॉवर कॉर्ड एवढी भारदस्त का वाटते, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे. आता प-च्या जागी शुद्ध ग घ्या. गाताना लागणारा ग 137.5 चा, फरक 27.5, तोही सा-च. पण फ्रेटवरचा ग चढा, जवळजवळ 138.6. फरक झाला 28.6, आणि तो कुठल्याच सा-शी जुळत नाही. म्हणून गेन (ॲम्पमध्ये संकेत किती वाढवायचा ते) वाढवला की सा-ग-प ची मेजर कॉर्ड गढूळ होते, आणि ज्याला विचारणारा ‘पिकअपचा चिखल’ म्हणतो तो खरं तर त्या तिसऱ्या स्वराचा असतो. अशाला जास्त ताकदीचा, सिरॅमिक चुंबकाचा हंबकर दिला तर ॲम्पचा आवाज आणखी लवकर फाटतो आणि गढूळपणा वाढतो. गेन थोडा उतरवा, नाहीतर ग काढून नुसतं सा-प वाजवा.

हे सगळं करूनही हात शिवशिवत असतील तर माझं उत्तर असं. भरपूर गेन, पॉवर कॉर्ड, घरात विजेचा गोंधळ: हंबकर. साफ आवाज, चार-पाच सुरांच्या कॉर्ड, बोटांतला बारकावा: सिंगल कॉइल, थोडा हम सोसून. दोन्ही हवं असेल तर एका सिंगल कॉइलच्या जागेत मावणारे बारके हंबकर मिळतात. पण ते पूर्ण सिंगल कॉइलसारखे वाजत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. हंबकर लावलात तर पॉटही (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे रोधक) 250 के ऐवजी 500 के (किलोओम) घाला, नाहीतर उरलीसुरली चमक तिथे जाईल. आणि तिन्ही पिकअप एकदम बदलू नका. ब्रिजचा एक बदला, महिनाभर वाजवा, मग बोलू. काढलेला पिकअप डब्यात जपून ठेवा. गिटार विकायला काढाल तेव्हा घेणारा ‘ओरिजिनल आहेत का’ म्हणून विचारतोच.