गीज बेंड: फेरीपलीकडच्या क्विल्ट

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, कॅमडन गावाहून फेरीबोटीने अलाबामा नदी ओलांडली, की पलीकडे गीज बेंड हे गाव. सरकारी नाव बॉयकिन. १८४५ मध्ये मार्क पेटवेने इथला कापूसमळा घेतला आणि गुलामांना मालकाचंच आडनाव लागलं; गावात आजही पेटवेच पेटवे भेटतात. आम्ही ज्या फेरीने आलो, ती १९६२ मध्ये बंद झाली होती, कारण इथले कृष्णवर्णीय मतदारनोंदणीसाठी कॅमडनला जाऊ लागले होते. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. तोवर तासाभराचा वळसा.

इथल्या क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून शिवलेली गोधडीसारखी पांघरुणं, बघताना नमुन्याआधी कापड ओळखावं. विटलेल्या डेनिमवर मधेच गडद चौकोन दिसला, तर तिथे खिसा होता. मिझुरी पेटवेने १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांचीच क्विल्ट केली. सत्तरच्या दशकातल्या क्विल्टमध्ये मात्र एकदम कॉर्डरॉय, म्हणजे उभ्या रेघांचं मखमलीसारखं लवदार कापड, दिसतं. १९६६ मध्ये जवळच स्थापन झालेल्या ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ या सहकारी संस्थेला १९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकान-कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. अभ्रे सगळे एका मापाचे. उरलेल्या चिंध्या घरी गेल्या, आणि तिथे माप सांगणारं कुणी नव्हतं.

इथला लाडका प्रकार ‘हाऊसटॉप’. मधे एक चौकोन, त्याच्या चारही बाजूंना एकामागून एक पट्ट्या, शिवण पाव इंच. सोपं वाटतं, पण पट्टी ओढून शिवली तर चौकोन वाटीसारखा फुगतो. जास्त लांब ठेवली तर कडेला लाटा येतात. म्हणून चौकोनाची रुंदी कडेवर नाही, मध्यावर मोजायची, तेवढीच पट्टी कापायची आणि आधी मध्य व टोकं टाचायची. कॉर्डरॉय लवेवर लव आल्याने मशीनखाली सरकतं, तिथे टाचण्या दाटच हव्यात. इस्त्री उलट्या बाजूने.

गोधडीत जुन्या साड्यांचेच थर असतात. इथे मधे कापूस. पूर्वी जिनिंगच्या जमिनीवर सांडलेला गोळा करून काठीने झोडपून घेत. असा कापूस धुताना सरकून त्याचे गोळे होतात, म्हणून टाक्यांच्या ओळी जवळजवळ घालायच्या. बऱ्याच क्विल्टवर त्या कमानीत दिसतात: कोपर टेकवून हात फिरेल तेवढी कमान, मापपट्टी नकोच. कॉर्डरॉयच्या शिवणी जिथे एकत्र येतात तिथून सुई ओढायला पक्कड लागते; त्या क्विल्टवर टाके मोठे पडतात ते त्यामुळे.