नदी चढली म्हणून समुद्रावर

काल पहाटे स्कायकोमिश नदीवर मासेमारीला जायचं ठरलं होतं पण शुक्रवारपासून सलग पाऊस, नदीची पातळी मोजणाऱ्या गेजचा ग्राफ उभाच्या उभा वर गेलेला आणि पाणी अगदी दुधाच्या चहासारखं, अशा पाण्यात माशाला फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली भक्ष्य) दिसणार तरी कशी. मग गाडी वळवली आणि प्युजेट साउंडच्या, म्हणजे सिएटलजवळच्या खाडीच्या किनाऱ्यावर आलो. सिएटलच्या नोव्हेंबरअखेरची हीच तर मजा आहे, नदी बिघडली तरी समुद्र असतोच.

भरती नुकतीच चढायला लागलेली, वारा जवळजवळ नाही, पाणी १० डिग्रीच्या आसपास, वेडर्समधूनही (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारीतूनही) पाय बधिर होत होते. सहा वेटचा, म्हणजे मध्यम ताकदीचा रॉड, छोट्या माशासारखी दिसणारी ऑलिव्ह रंगाची क्लाउझर फ्लाय, गुडघाभर पाण्यातच उभा राहिलो कारण कटथ्रोट (ट्राउट माशाची एक जात) अगदी काठाजवळ फिरतात, खोल गेलं की आपणच त्यांना पळवून लावतो. दोन तास काहीच नाही. मग एक झटका, आणि जबड्याखाली ती नारिंगी-लाल रेघ बघून खरंच पोटात गलबललं. इथे समुद्रातला कटथ्रोट सोडावाच लागतो, गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केलेला होता, पाण्यातच सोडवला, हातातून सुळकन गेला.

परतताना कार्कीक पार्कला थांबलो, तिथल्या पायपर्स क्रीक ओढ्यात चम जातीचे सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून वर चढतायत. शेपट्या पार झिजलेल्या, अंगावर पांढरे चट्टे, तरी घोटाभर पाण्यात वर सरकतायत. आजोबा वाशिष्ठीवर गळ टाकायचे, त्यांना हे दाखवायला हवं होतं. साडेचारला अंधार पडेपर्यंत तिथेच उभा होतो.