डिझेलची फेरीबोट बॅटरीवर आणताना

जुन्या डिझेल फेरीबोटीत बॅटरी बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सगळी चर्चा बोटीचीच होती. बॅटरी केवढी घ्यायची, मोटर कुठली, वजन कुठे ठेवायचं. माझ्या मते खरं अवघड काम होतं ते धक्क्यावर.

आधी शाफ्टवर, म्हणजे बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, मोजणी करणारी यंत्रं लावली. भरती-ओहोटी, वारा, रिकामी बोट, भरलेली बोट, अशा सगळ्या फेऱ्यांची नोंद घेतली. गाड्या चढत-उतरत असताना बोट रॅम्पला टेकून राहावी म्हणून इंजिन सतत पुढे रेटत असतं. सारंगांना हे ठाऊकच होतं, पण त्यात किती तेल जातं हे कुणी मोजलं नव्हतं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि इथे तर बोट जागची हलतही नव्हती! शिवाय नव्या व्यवस्थेत हीच मिनिटं चार्जिंगची. म्हणून बोटीला धक्क्याशी घट्ट धरून ठेवणारे व्हॅक्यूम पॅड घेतले.

त्याने वेळही वाचला, तो आम्ही पाण्यावर खर्च केला, म्हणजे बोट जरा सावकाश चालवली. वेग वाढला की लागणारी ताकद साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के उतरवला तर ताकद जवळपास २७ टक्के कमी लागते. वेळापत्रकाला धक्का न लावता एवढं साधलं याचा मला फार आनंद झाला.

मग विजेचा प्रश्न आला. एका फेरीला साधारण २०० युनिट. १० मिनिटांत तेवढे भरायचे तर १,२०० किलोवॅटची जोडणी हवी, बाकीचा वेळ ती नुसती पडून. वीज कंपनीने वाढीव वाहिनीचा सगळा खर्च आमच्या माथी मारला आणि पत्रांची उत्तरंही वेळेवर दिली नाहीत. नॉर्वेत २०१५ मध्ये लाविक ते ओप्पेडाल सुरू झालेल्या ‘अँपिअर’ या बॅटरीवरच्या फेरीबोटीपुढे हीच अडचण होती. तिथल्या छोट्या गावांची वीजवाहिनी दुबळी, म्हणून त्यांनी धक्क्यांवरच बॅटऱ्या ठेवल्या. टाकी संथ धारेने भरावी आणि एकदम उपसावी, तशी ही सोय. आम्हीही तोच मार्ग धरला आणि मंजूर भारातच काम भागलं.

बोटीची सुरक्षितता तपासणाऱ्या सर्वेक्षकांनी बॅटरीच्या खोलीवर फार वेळ घेतला, आणि ते योग्यच होतं. २०१९ मध्ये नॉर्वेतल्याच एका फेरीवर बॅटरीला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूचा स्फोट झाला. आमच्या आराखड्यात वायू बाहेर सोडणारा पाइप प्रवासी केबिनच्या हवेच्या झडपेजवळ निघत होता. तो उघड्या डेकवर, लांब नेऊन सोडायला लावला. वायू ओळखणारे सेन्सर आणि आगरोधक भिंती आधीच होत्या.

बोट आता नियमित धावते. जोराचा वारा समोरून आला की वीज जास्त खर्च होते, तेव्हा धक्क्यावर थोडं जास्त थांबावं लागतं. डिझेलचा एक जनरेटर आणीबाणीसाठी ठेवला आहे. तो काढून टाका असं काही जण म्हणतात. मी ठेवायच्याच बाजूचा आहे, फक्त तो किती तास चालला याचा आकडा दर महिन्याला धक्क्यावरच्या फलकावर लागायला हवा.