निळी खोली

त्या बाई दारात आल्या तेव्हा पावणेतीन वाजले होते. ऑगस्टमधला शेवटचा सोमवार, म्हणजे इंग्लंडमधली बँक हॉलिडे. बस आमच्या फाटकाशी सोडते, तिथून हवेलीपर्यंतचा मैलभर रस्ता त्या चालत आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचं. हातात वाचनालयात छापून घेतलेला एक कागद होता, घड्या घालून घालून मऊ पडलेला.

मी या हवेलीत हाउस स्टुअर्ड आहे. खोल्या सांभाळणं हे माझं काम. घोड्याच्या केसांच्या ब्रशनं कोरीवकामातली धूळ काढायची, गालिच्यांवरच्या वाटेवर जाड कापड अंथरायचं, जुन्या खुर्च्यांवर कोणी बसू नये म्हणून वाळलेली काटेरी बोंडं ठेवायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजेड मोजायचा. घर खासगी आहे. मालक मागच्या बाजूच्या चार खोल्यांत राहतात, कारण बाकीचं घर हिवाळ्यात तापवणं त्यांना परवडत नाही. पुढचं घर वर्षातून २८ दिवस लोकांसाठी उघडतं.

बाईंच्या हातातला कागद ब्रिटिश करखात्याच्या यादीतला होता. ही यादी इंटरनेटवर कोणालाही बघता येते, पण ती आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. इथे वारसाहक्कानं मालमत्ता आली की ठरावीक मर्यादेच्या वरच्या रकमेवर ४० टक्के कर भरावा लागतो. मात्र घर, चित्र किंवा एखादी वस्तू राष्ट्राच्या दृष्टीनं मोलाची ठरली, तर तो कर थांबवून ठेवता येतो. त्यासाठी वारसानं लेखी हमी द्यायची असते: वस्तू नीट राखीन, देशाबाहेर नेणार नाही, आणि लोकांना बघू देईन. हमी मोडली किंवा वस्तू विकली, की कर भरायचा. ‘आधी पत्र लिहून वेळ मागा’ एवढं म्हटलं की पूर्वी भागायचं. १९९८च्या कायद्यानंतर सवलत घेणाऱ्यांना तेवढ्यावर सुटता येत नाही, काही दिवस दार खरोखर उघडं ठेवावं लागतं. आमच्या मालकांचे वडील त्यानंतर गेले.

बाईंनी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. लोकरीच्या भरतकामाचे पलंगाचे पडदे, सतरावं शतक.

‘‘हे मला बघायचे आहेत,’’ त्या म्हणाल्या.

ते पडदे वरच्या मजल्यावरच्या निळ्या खोलीत आहेत आणि त्या दिवशी वरचा मजला बंद होता. मालकांकडे पाहुणे उतरले होते, शेजारच्या दोन खोल्या त्यांना दिल्या होत्या, म्हणून जिन्याला दोरी बांधून ‘आज बंद’ अशी पाटी लावली होती. पाटी मीच लिहिली होती. सकाळी लिहिताना मला काही वाटलं नव्हतं. बाईंना तेच सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘मी छत्तीस वर्षं शाळेत भरतकाम शिकवलं. मला पडद्यांची मागची बाजू बघायची आहे.’’

मी वाईची. आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. पुढून कितीही सुबक दिसो, मागे गाठी आणि लांब धागे लोंबत असले की रुमाल परत. माणसाचा हात मागून कळतो, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे या बाई एवढ्या लांबून पडद्याची पाठ बघायला का आल्या, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘त्यांना पत्र लिहायला सांगा, पुढच्या महिन्यात बघू.’’

मी राहते ती कॉटेज त्यांचीच आहे. हे लिहिते आहे कारण पुढचं वाक्य बोलताना ते माझ्या मनात होतं. मी म्हटलं, ‘‘आज आपला खुला दिवस आहे आणि खोली यादीत आहे. आज ते दार बंद ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘‘मी येतो.’’

मालकांबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे सांगायला हवं. अशा घरांचं काय होतं ते या देशानं बघितलेलं आहे. १८९४मध्ये मृत्युकर आला, दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा सर्वांत वरचा दर ८० टक्क्यांवर गेला, आणि घरामागून घर पाडलं गेलं. १९४९मध्ये लाँगलीटच्या मालकांनी अर्धा क्राउन तिकीट लावून आपलं घर लोकांना उघडलं, ते छप्पर टिकवण्यासाठीच. १९७४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नष्ट झालेल्या हवेल्यांचं प्रदर्शन भरलं होतं. कोसळणाऱ्या खांबांचा देखावा, त्यावर पाडलेल्या घरांची छायाचित्रं, आणि एक आवाज त्यांची नावं एकामागून एक वाचतो आहे. शंभर वर्षांत गेलेली घरं हजाराच्या वर भरली होती. आमच्या छपरावरचे शिशाचे पत्रे बदलायला निघाले तेव्हा मालकांचा चेहरा मी पाहिला आहे. पण या घराचा कर ज्या दिवशी थांबवला गेला, त्या दिवशी त्याची किंमत सगळ्यांनी मिळून उचलली. त्या बसमधून आलेल्या बाईंनीसुद्धा. त्यांनी तिकीट काढलं म्हणून त्या पाहुण्या ठरत नाहीत, आणि मालकांनी दार उघडलं म्हणून ते उपकारकर्ते ठरत नाहीत. अठराव्या शतकात लंडनजवळच्या स्ट्रॉबेरी हिलचे मालक होरेस वॉलपोल दिवसाला चारच माणसं आत घेत, तीही आधी तिकीट मागवलेली, आणि मुलं नकोत अशी छापील सूचना असे. तेव्हा ती त्यांची मर्जी होती. आता तसं नाही.

मालक चिखलाचे बूट दाराशी काढून मोज्यांवरच आले. बाईंशी हस्तांदोलन केलं, त्यांना हात देऊन जिना चढवला. दोरी मी सोडली.

निळ्या खोलीच्या झडपा मी बेताच उघडल्या. कापडावर ५० लक्सच्या वर उजेड पडू द्यायचा नाही, हा नियम. उजेडानं झालेली झीज भरून येत नाही, ती साठत जाते. म्हणून आम्ही वर्षभराचा हिशेब ठेवतो. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग पडदे दिसू लागले: वळणावळणाचं मोठं झाड, हाताएवढी पानं, मुळाशी टेकड्या आणि हरणं. त्या काळी भारतातल्या कलमकारीची कापडं ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इथे यायची आणि इथले नमुनेही तिकडे जायचे, त्या देवघेवीतून हे झाड तयार झालं. पानं सगळी निळी. म्हणूनच घरात पिढ्यान्‌पिढ्या या खोलीला निळी खोली म्हणतात.

बाईंनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘टाके पानांचे आहेत, रंग नाही. हिरवी असणार ही.’’

मालक हसून म्हणाले, ‘‘माझ्या आजीपासून सगळे निळीच म्हणत आले आहेत.’’

पडद्यांना मागून अस्तर लावलेलं आहे, ते उसवणं शक्यच नव्हतं. पण खिडकीखालच्या खणात त्याच संचातली झालरीची एक सुटी पट्टी असते, आम्लरहित कागदात आडवी ठेवलेली. तपासणीशिवाय ती मी काढत नाही. त्या दिवशी काढली. हातमोजे घातले, खाली पांढरा पुठ्ठा सरकवला, वरून दुसरा ठेवला आणि दोन्ही धरून पट्टी उलटी केली.

हिरवी. एकच हिरवा नव्हे. गवताचा, कोवळ्या वाटाण्याचा, पानाच्या देठाजवळचा काळपट. त्या काळचे रंगारी लोकर निळीत बुडवून वर वेल्ड नावाच्या रोपाचा पिवळा चढवायचे, की हिरवा व्हायचा. पिवळा उजेडात टिकत नाही, निळा टिकतो. पुढच्या बाजूनं साडेतीनशे वर्षं उजेड खाल्ला होता, मागची अंधारात होती. मला हे पुस्तकातून माहीत होतं. त्या खणाला मी तीन वर्षं हात लावत होते आणि पट्टी उलटून बघावी असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

बाई वाकून टाके बघत होत्या. एके ठिकाणी धागा मधेच संपून दुसरा सुरू झाला होता आणि गाठ नव्हती, दोन्ही टोकं टाक्यांखाली दाबलेली. ‘‘दोन हात आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ही घट्ट ओढते. ती सैल.’’ त्यांनी हाताची बोटं पट्टीच्या वर, न टेकवता, टाक्यांच्या दिशेनं हलवली.

मालक त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते. या घरात जन्मलेला माणूस. ते काही बोलले नाहीत, फक्त एकदा मान वर करून पलंगाकडे बघितलं, परत पट्टीकडे बघितलं.

अकरा मिनिटांनी मी पट्टी गुंडाळून ठेवली आणि झडपा ओढल्या. नोंदवहीत लिहिलं: निळी खोली, ४६ लक्स, खण उघडला, ११ मिनिटं, कारण, अभ्यागताची विनंती. मालकांनी गाडी काढून बाईंना फाटकापर्यंत नव्हे, थेट गावातल्या स्टेशनपर्यंत सोडलं.

परत आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले आणि विचारलं, या वर्षीचे खुले दिवस किती उरले. मी म्हटलं, दोन. ‘‘दोन्ही दिवस वरचा मजला उघडा ठेवा. पाहुणे आले तर ते खाली झोपतील.’’ मग थोडं थांबून, ‘‘आणि ती पट्टी?’’

पट्टी रोज काढता येणार नाही, मी सांगितलं. तिचा उजेड यंदापुरता संपला. त्यांनी मान हलवली. मी जिन्याशी गेले, पाटी काढली आणि दोरी गुंडाळून कपाटात ठेवली.